आजची कणीक

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. कीर्तनात मागे बसणाऱ्याला बुवांचा शब्द पोचतो, पण वाद्याचा श्वास काही ऐकू येत नाही. आज एक गोष्ट सांगतो. गोड नाही, पण ऐकण्यासारखी आहे.

मी एक जुना मृदंग आहे. खैराच्या खोडातून मला कोरले, दोन्ही तोंडांवर कातडे ताणले. उजव्या तोंडावर काळी शाई कायमची बसली. डाव्या तोंडाचे मात्र तसे नाही. त्याला दर खेपेला कणीक मळून लावावी लागते, तेव्हा कुठे तो गंभीर नाद उमटतो. कीर्तन संपले की कणीक खरवडून काढायची. आजची कणीक आजच्यापुरती.

चकलांबा गावच्या बंकटच्या वडिलांनी मला घरी आणले. त्यांच्यामागे बंकट मला वाजवू लागला. काय हात होता त्याचा! बुवांनी चरण उचलला की बंकटची बोटे आधीच तिथे पोचलेली असत. गेवराई, पाली, कुठून कुठून बोलावणी येत. कणीक मळून द्यायची ती त्याची बायको मंगल.

मग कीर्तनानंतर मंडपामागे थकवा घालवायला दारूचा एक ग्लास आला. पुढे तो कीर्तनाआधी आला. एका एकादशीला पालीत भर कीर्तनात बंकटचा ताल सुटला आणि तो माझ्यावरच कलंडला. बुवा गाताना थांबले. मागून कोणी ओरडले, "मृदंग वाजवतो का उशी करतो बे?" लोक हसले. मला हसणे माहीत होते, पण असले नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळू आला. म्हाळू म्हणजे गावातला मेंढपाळ, आमच्या भजनातला म्हातारा टाळकरी. मेंढरे दाराशी थांबवून तो बंकटपाशी बसला.

बंकट म्हणाला, "तात्या, सोडतो बघा आता. देवाची आण, जन्मभर शिवणार न्हाई."

"जन्म लई लांब असतोय बे. मी बी अजून सोडली न्हाई."

"तुमी? बारा वर्सं झाली की!"

"बारा वर्सं झाली, पर रोज सकाळी म्हनतो, आज घेत न्हाई. तेवढंच." त्याने माझ्याकडे बोट केले. "ह्येला काल लावलेली कणीक आज चालती का?"

"न्हाई."

"मग कालची शपथ आज कशी चालंल?"

त्या दिवसापासून मेंढरे रानात नेताना म्हाळू दारातून हाक देई, "बंकट, आज?" आतून उत्तर येई, "आज न्हाई!" आठ महिने असे गेले. मंगल पुन्हा गुणगुणत कणीक मळू लागली.

पण चांगल्या माणसांच्या हातूनही चूक होते. सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला गावचे पुढारी अर्जुनराव माईकवर उभे राहिले. त्यांनी बंकटला फेटा बांधला, शाल घातली, आणि म्हणाले, "बंकटराव, साऱ्या गावासमोर म्हणा, या जन्मात शिवणार न्हाई!" बंकटने म्हटले. टाळ्या पडल्या. टाळकऱ्यांत म्हाळूने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी हाक आली तेव्हा बंकट तोऱ्यात म्हणाला, "आता कावून ईचारता तात्या? गावासमोर सोडली की."

त्या सप्ताहाची कणीक त्याने माझ्यावरून खरवडलीही नाही.

चौथ्या दिवशी एका लग्नात त्याने एक घोट घेतला. शपथ एवढी मोठी होती, की मोडल्यावर राखायला काही उरलेच नाही. अकरा दिवस तो पीत राहिला. मी कोपऱ्यात पडलो होतो. वाळल्या कणकेसाठी उंदीर आले, त्यांनी कणकेबरोबर कातडेही कुरतडले. अकराव्या दिवशी दुपारी मंगलने बाटली उचलली, आणि बंकटने हाताला लागले ते फेकले. ती माझा सूर लावायची हातोडी होती. मित्रांनो, तिच्या मनगटाचे हाड मोडले तो आवाज मी ऐकला. त्या आवाजाला ताल नव्हता.

मंगल भावाकडे पालीला निघून गेली. हाड जुळले, पण बोटे पुन्हा पुरती सरळ झाली नाहीत.

म्हाळू आला. रागावला नाही. दारातून म्हणाला, "बंकट, आज?"

आतून आले, "आज... न्हाई."

दारू तुटल्याने बंकटचे अंग थरथरू लागले, तेव्हा म्हाळूने मेंढरे दुसऱ्याच्या हवाली केली आणि त्याला बीडला दवाखान्यात नेले. परत आल्यावर बंकटने मला नवे कातडे चढवले. पण पालीला निरोप धाडायची त्याची हिंमत होईना. मंगल येईल की नाही, ते देवालाच ठाऊक होते.

सहा महिन्यांनी एका सकाळी ती कपड्यांची पिशवी घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. बंकट धावला, गळ्यातली माळ हातात धरून म्हणाला, "मंगल, ह्या माळेची आण घेऊन सांगतो..."

"आण नगं. लई ऐकल्या. आज घेतली का?"

"न्हाई."

"नक्की?"

"आज न्हाई घेतली. उद्याचं मला म्हाईत न्हाई."

 मंगल चप्पल काढत म्हणाली, "मग मी बी आजच्या दिस ऱ्हाते. उद्याचं मला बी म्हाईत न्हाई."

तेव्हापासून ती तशीच राहते आहे. पिशवी तिने अजून रिकामी केली नाही, ती दारामागेच आहे.

मित्रांनो, वाद्य फुटले तर कातडे बदलता येते, माणसाला जपावे लागते, आणि तेही रोज. घसरून उठलेल्याला जन्माची शपथ घालू नका, त्याला आजचे विचारा. आणि उद्या देवापुढे दोन्ही हात जोडाल, तेव्हा जिचा एक हात नीट जुळत नाही, त्या मंगलची आठवण ठेवा.