जादा टाकीची घुसमट

मी एक टाकी आहे. डिझेलची, सत्तर लिटरची, आणि त्यातही दुसरी. पहिली टाकी गाडीबरोबरच कारखान्यातून येते. तिचा काटा ड्रायव्हरच्या नाकासमोर असतो, म्हणून तिची काळजी सगळे घेतात. मी मागाहून आले. चारही चाकांना जोर असलेल्या एका जुन्या गाडीच्या शेपटीखाली, जिथे आधी स्टेपनी टांगलेली होती, तिथे मला बसवलं. तिथून मला माणसं घोट्यापर्यंतच दिसतात. बाकीचं मी ऐकते.

माझा जन्म ॲडलेडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. वेल्डरनं पोटात पाणी भरून बघितलं, मी गळले नाही, तेव्हा काळा रंग फासून मला विकायला ठेवलं. मला घेतलं रॉइस पेंगिलीनं. हा पोर्ट ऑगस्टामध्ये एकतीस वर्षं शाळेची बस चालवून नुकताच निवृत्त झालेला. दुकानदार म्हणाला, दुपारपर्यंत बसवून देतो. रॉइस म्हणाला, "माझ्या गाडीला परक्याचा हात लागत नाही."

मग ते काम तीन आठवडे चाललं.

पण झालं नीट. मला भरायला एक तोंड दिलं. माझ्यातलं डिझेल पहिल्या टाकीत ढकलायला एक छोटा विजेचा पंप दिला, त्याचं बटण पुढे स्टिअरिंगजवळ. आणि श्वास घ्यायला एक बारीक रबरी नळी दिली. डिझेल बाहेर जाईल तेवढी हवा आत नको का यायला? ती या नळीतून येणार. नळीचं दुसरं टोक रॉइसनं चाकामागे उघडंच सोडलं आणि हात पुसत म्हणाला, "ग्लेनिस, बघ. एक स्क्रू उरला नाही."

"मग तो खिडकीवरचा कुठला?" त्याची बायको म्हणाली.

सहा वर्षं मी बिनतक्रार काम केलं. मग त्यांच्या मुलीनं, ट्रूडीनं, लग्न ठरवलं. मुलगा डार्सी, उत्तरेला वाळवंटाच्या कडेला एका गुरांच्या रानावर पाण्याचे पंप आणि पवनचक्क्या दुरुस्त करणारा. पहिल्यांदा घरी आला तेव्हा जेवणाआधी तो सहज वाकून माझ्याकडे बघायला लागला. बूट मोठे, टाचा झिजलेल्या.

"काम छान झालंय, मिस्टर पेंगिली," तो म्हणाला. "फक्त ही हवेची नळी उंच बांधून तोंडाला जाळी लावा. नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते."

चांगल्या मनानं म्हणाला बिचारा. पण रॉइसचे बूट जागच्या जागी थिजले. पाहुणा गेल्यावर तो म्हणाला, "एकतीस वर्षं बस चालवली मी. एकदाही बंद पडली नाही."

"तो बसबद्दल कुठे बोलला?"

"बोलला नाही. पण त्याचा सूर तोच होता."

या सुरापायी रॉइसनं नळीला जाळी लावली नाही, आणि तिकडे रानावर राहायला गेलेल्या मुलीकडे जायचंही टाळलं. गाडी चार महिने शेडमध्ये उभी राहिली. त्या चार महिन्यांत एक कुंभारीण आली, नळीचं तोंड तिनं आतबाहेर फिरून बघितलं, तिला जागा पसंत पडली. ओल्या मातीच्या गोळ्या आणून तिनं दार लिंपून टाकलं. माझा श्वास बंद झाला. मी कुणाला सांगणार? टाकीला तोंड असतं, जीभ नसते.

लग्नाला मात्र जावंच लागलं. मुलीला हाताला धरून नवऱ्यापर्यंत नेणारा बाप नको का? निघाले. रस्त्यावरच्या शेवटच्या पेट्रोल पंपावर रॉइस मला भरायला लागला, तर आतली हवा बाहेर पडायला वाट नाही. मी डिझेल त्याच्या बुटांवर परत थुंकलं. तो पंपवाल्यावर चिडला. हळूहळू, थेंब थेंब करत त्यानं मला भरलं आणि घट्ट झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पहिल्या टाकीचा काटा तळाशी टेकला. लग्न दुपारी चारला, आणि वाट अजून एकशे ऐंशी किलोमीटर. रॉइसनं बटण दाबलं. पंप माझ्यातलं डिझेल ओढायला लागला. दोन-तीन लिटर गेलं असेल. मग आत हवा येईना, माझ्या कुशी आत खेचल्या गेल्या आणि पत्रा वाजला, टण्ण. पंप नुसताच घरघरायला लागला.

रॉइसनं गाडी थांबवली. लाल धूळ खाली बसली, माशा आल्या. त्याचे बूट मागे आले, पाठोपाठ ग्लेनिसच्या लग्नासाठी घेतलेल्या नव्या सॅंडल.

"रॉइस, ती नळी..."

"वायरिंग असणार," तो म्हणाला.

आधी त्यानं फ्यूज काढून बघितला. धडधाकट होता. मग बटण उघडलं. ते चांगलं होतं. मग पाठीवर झोपून तो माझ्याखाली आला आणि पंपाच्या वायरी तपासायला लागला. माझ्या हवेच्या नळीपासून त्याचं नाक वीतभर अंतरावर. नजर एकदा तिकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. त्याला माहीत होतं. मी शपथेवर सांगते, त्याला तेव्हाच माहीत होतं.

पान्हा वायरीला लागला, ठिणगी उडाली, फ्यूज गेला.

"आणखी किती आहेत?" ग्लेनिसनं विचारलं.

"एक."

तेवढ्यात उपग्रहाचा फोन वाजला. ट्रूडी होती. "डॅड, कुठे आहात? डार्सी विचारतोय, ती हवेची नळी..."

"आवाज तुटतोय," रॉइस म्हणाला. आवाज मलासुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. "येतोय आम्ही." आणि त्यानं फोन बंद केला.

बारा वाजेपर्यंत त्यानं पंप सोडवून ताडपत्रीवर मांडला, पुसला, परत बसवला. ग्लेनिसनं गाडीच्या सावलीत बसून मटणाचं सँडविच खाल्लं. त्याला विचारलं नाही. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "एक खरं सांग. तुला पोचायचंच नाहीये का?"

माझ्याखालचे हात थांबले.

"काय बोलतेस?"

"तीन तास तू सगळं उघडलंस. एक नळी सोडून."

रॉइस म्हणाला, "तिकडे तिला काही झालं तर मला पोचायला दोन दिवस लागतील, ग्लेनिस. आपल्या गावात असती तर बस घेऊन पोचलो असतो."

"म्हणून त्या पोराचं नाव घेतलं की तुझ्या कपाळाला आठ्या."

"पोरगा वाईट नाही," तो कुरकुरला. "बरोबर बोलतो, हीच पंचाईत आहे."

ग्लेनिस उठली. तिनं माझं झाकण अर्धं फिरवलं. फुस्स करून हवा आत शिरली आणि माझ्या कुशी ढॉंग आवाज करत जागेवर आल्या. तिनं त्याला तारेचा एक तुकडा दिला. तो नळीकडे वळला, आत तार घालून त्यानं खरवडलं. सुकी माती पडली, थोडी त्याच्या डोळ्यात. मग त्यानं नळी तोंडात धरून जोरात फुंकली. राहिलेला गोळा सुटला, आणि माझ्या पोटातली डिझेलच्या वासाची कोंदलेली हवा मी त्याच्या तोंडात सोडली. मला थोडी लाज वाटली. फार नाही.

शेवटचा फ्यूज लावला, बटण दाबलं. पंप एका लयीत गुणगुणायला लागला.

चारला दहा मिनिटं असताना आम्ही पोचलो. नदीच्या कोरड्या पात्राशेजारी खुर्च्या मांडल्या होत्या. डार्सीचे बूट धावत आले. आज पॉलिश केलेले.

"मिस्टर पेंगिली, वाटेत काही अडचण?"

ग्लेनिसच्या सॅंडल रॉइसकडे वळल्या.

"तोंडाला डिझेलचा वास येतोय," रॉइस म्हणाला, "त्यावरून काय ते समज. आणि मला रॉइस म्हण."

त्या वासासकट त्यानं ट्रूडीला हाताला धरून नेलं. मी गाडीखाली होते, मला दोन जोडी पाय दिसले. त्याची पावलं, शाळेची बस स्टॉपवर आणावी तशी, हळू पडत होती, आणि खुर्च्यांच्या टोकाला तिला डार्सीपाशी सोडल्यावर ती एक क्षण मागे सरकलीच नाहीत.

दुसऱ्या सकाळी ते दोघं शेजारी शेजारी पाठीवर झोपून माझ्याखाली आले. डार्सीनं नळी वर बांधली, जाळी लावली. रॉइस बॅटरी धरून होता.

"आणखी काही दिसतंय तुला?" त्यानं विचारलं.

"पंपाच्या वायरीचा जोड जरा..."

रॉइसनं लांब श्वास घेतला. "बोल. सांग."

आता ती गाडी राहिली नाही, इंजिन गेलं. मला काढून डार्सीच्या कामाच्या शेडमागे उंच लोखंडी स्टॅंडवर ठेवलंय. जनरेटरचं डिझेल माझ्यातून जातं, पंप नाही, साधा नळ. हिवाळ्यात रॉइस आणि ग्लेनिस दोन-दोन महिने येऊन राहतात. उंचावर असल्यामुळे आता मला माणसांचे चेहरेही दिसतात. रॉइसचा मला वाटला होता त्यापेक्षा बराच मऊ निघाला.

एवढंच मागणं आहे. तुमच्या गाडीखाली माझी कुणी बहीण असेल आणि कामाला नकार देत असेल, तर तिच्यावर चिडू नका, पान्हाही काढू नका. आधी वाकून तिला श्वास घेता येतोय का तेवढं बघा. आणि ते कुणी आधीच सांगितलेलं असेल, तर त्याला फोन करा; आवाज तुटत नाही.