उसवायचं नाही

शिकवणी लावायची नाही असं चिमणीच्या आईनं जाहीर केलं, तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, त्या शाळेत मूठभर पोरं घेतात. प्रवेशाची परीक्षा एकदाच. आमचा लेक दोन-दोन क्लासना जातो, आणि तू घरच्या घरी?"

"अख्ख्या गल्लीच्या पोरांचे कपडे मी शिवते, ताई. मग माझ्या पोरीचा अभ्यास दुसऱ्यानं का घ्यावा?"

या बोलण्याला शेंडा-बुडखा नव्हता. पण ते ठसक्यात म्हटलेलं होतं, आणि ठसक्यापुढे जाऊबाईंचं काही चालत नसे.

पोरगी शाळेत असली की आई शिलाई मशीन बंद करून स्वतः धडा शिकायची, अपूर्णांकांशी झटापट करायची, आणि संध्याकाळी जन्मापासून येत असल्यासारखा तो शिकवायची. चिमणी कापडं बेतायच्या टेबलावर चिंध्या बाजूला सारून गणितं सोडवायची. सगळं कसं झकास चाललं होतं. मग आईनं घड्याळ लावून पहिली पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवायला दिली.

वेळ संपला तेव्हा सोडवलेलं सगळं बरोबर होतं आणि अर्धा पेपर कोरा होता. एका गणितावर तर खोडून खोडून कागद फाटला होता.

"पुढे का नाही गेलीस?"

"हे चुकत होतं ना! तूच म्हणतेस, वाकडी शिवण ठेवायची नाही, उसवून परत घालायची."

पोरगी हुशारच होती. खोट शिकवणीत होती, आणि शिकवणी तिची स्वतःची होती. "अडलं की सोड, पुढे जा," असं तिनं चार वेळा बजावलं. चिमणीनं चारही वेळा मान डोलावली आणि पुढच्या पेपरात पुन्हा तेच केलं. पालथ्या घड्यावर पाणी!

शेवटी आईनं चिमणीचाच नवा फ्रॉक मशीनवर घेतला. पहिल्याच बाहीची शिवण मुद्दाम वाकडी घातली.

"आई, वाकडी गेली! उसव!"

उसवायला हात नुसता शिवशिवत होता. पण तिनं दुसरी बाही जोडली, गळा केला, बटणं लावली. "झाला फ्रॉक. घाल."

चिमणी फुरंगटून फ्रॉक घालून दिवसभर हिंडली. बाहीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आईला मात्र ती बाही दिवसभर डोळ्यांत खुपत राहिली.

त्यानंतरच्या पेपरात मधे मधे कोऱ्या जागा होत्या, आणि शेवटचा प्रश्न सोडवलेला होता.

परीक्षेच्या दिवशी चिमणी फाटकातून बाहेर आली, तशी जाऊबाईंनी तिला आधी गाठलं. "आलं का सगळं?"

"नाही काकू. चार सोडले."

जाऊबाईंनी आईकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू कुणी आजारी आहे.

"मीच सांगितलं होतं सोडायला," आई म्हणाली, आणि लेकीकडे वळली. "शेवटपर्यंत पोचलीस?"

"पोचले. वेळ उरला, मग मागे जाऊन दोन केले."

"आणि उरलेले दोन?" आईच्या तोंडून गेलंच.

"ते राहिले," चिमणी म्हणाली. "मला भूक लागलीय."

आईला एवढा आनंद झाला, की निकाल कधी लागणार हे विचारायचं तिला घरी पोचेपर्यंत सुचलं नाही.