माझ्या खणातला नान

मी अक्रोडाचं टेबल बोलतोय. सीर दर्या नदीच्या काठच्या एका विद्यापीठात, ग्रंथालयाच्या मोठ्या खोलीत, खिडकीपाशी उभा आहे. जरा सावकाश बोलतो, सांभाळून घ्या.

आधीच एक सांगून टाकतो. मला वाचता येत नाही. साठ वर्षं माझ्यावर पुस्तकं उघडली आणि मिटली, पण एक अक्षर ओळखता येईल तर शपथ. मला कळतात ती कोपरं. प्राध्यापक एकच कोपर टेकतात, दुसरा हात चष्म्याला. परीक्षेची मुलं दोन्ही टेकतात आणि अर्ध्या तासात गालही. प्रेमात पडलेल्यांची कोपरं पुस्तकाच्या बाजूला नसतातच, ती शेजारच्या खुर्चीकडे सरकत जातात. हे सगळं मी पाहिलंय आणि कुणाला सांगितलेलं नाही.

उस्तो हैबत नावाच्या सुताराने मला घडवलं. हात फार प्रेमळ होता त्यांचा. रंधा मारताना ते माझ्याशी बोलायचे, "थोडंच राहिलंय बाळा, थोडंच." त्यांनी मला एक खण दिला, तो मात्र किंचित तिरका बसला. मला इथे आणून ठेवलं तेव्हा ते म्हणाले, "आधी वर उचला, मग ओढा." ज्यांनी ऐकलं ते केव्हाच निवृत्त झाले. मग सगळ्यांनी ठरवलं की खण अडकलाय. चाळीस वर्षं तो बंद होता. आत काय, तर एक पेन्सिल आणि अंधार.

गेल्या फेब्रुवारीत शाळेतली पोरं आली.

सरचश्मा नावाच्या गावची शाळा. दहावीतली तीन मुलं. गावात जर्दाळूच्या किती जाती होत्या आणि आहेत, त्याची यादी करायची होती त्यांना. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून झालं होतं, आता जुनी पुस्तकं बघायची होती. ग्रंथालयाचे प्रमुख नुरिद्दीन आका म्हणाले, "चार शनिवार येऊ देत. बघू कसं जमतंय."

मुआज्जमा आपांना हे मुळीच पटलं नाही. आपा तीस वर्षं या खोलीच्या मालकीण आहेत. "शाळेतली पोरं? इथं?" त्या म्हणाल्या. "मग पुढच्या महिन्यात पाळणाघरच काढू या!"

पोरं माझ्यापाशी बसली. मेहरनिगोर, जिची कोपरं एक क्षण स्थिर नसत. सादबर्ग, जिचं अक्षर इतकं हलकं की कागदाखाली मला गुदगुल्या व्हायच्या. आणि कोमरोन, त्यांच्या गावातल्या सुताराचा मुलगा. तो बसल्या बसल्या माझ्या पोटाखाली हात फिरवायला लागला. खण त्याने ओढला नाही, आधी उचलला. चाळीस वर्षांनी माझ्या पोटात उजेड शिरला. मला इतका आनंद झाला की मी करकरलो.

"शू!" लांबून आपा म्हणाल्या.

"मी नाही आपा, टेबल," कोमरोन म्हणाला.

"टेबलालाही सांग, इथं बोलायचं नसतं."

आता मेहरनिगोरची गोष्ट सांगायला हवी. तिचे आजोबा सफर बोबो. वय ऐंशी. ते लहानपणापासून सांगत आलेत की वरच्या पाटाजवळ पांढऱ्या जर्दाळूचं झाड होतं. पिवळा नव्हे, पांढरा, दुधासारखा. आणि चहाखान्यात बसणारे होशिम बोबो, त्यांचेच जुने सोबती, दर वेळी सगळ्यांसमोर विचारायचे, "सफर, त्या झाडाला दुधाचे पेलेही लागायचे का रे?" चहाखाना हसायचा. वर्षानुवर्षं हसला. मग गेल्या नोव्हेंबरात बोबोंनी चहाखान्यात जाणंच सोडलं. घरी बसायचे, भिंतीकडे बघत.

"मला ते झाड कागदावर सापडायला हवं," मेहरनिगोर सादबर्गला म्हणाली. "छापलेलं. शिक्क्याचं. मी ते होशिम बोबोंच्या पेल्याशेजारी ठेवणार आहे."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर मी पण चहाखान्यात जाणार नाही."

"तू कुठे जातेस?" कोमरोन म्हणाला. तिने माझ्याखालून त्याच्या पायावर पाय दिला.

दुसऱ्या शनिवारी एक भानगड झाली. पिशव्या खाली दाराशी ठेवायच्या, जमिनीवर, असा नियम. पण मेहरनिगोरच्या पिशवीत आजीने भाजलेला नान असायचा. आणि नान जमिनीवर कोण ठेवतं? म्हणून ती तो कोटाच्या आत छातीशी धरून वर आणायची आणि माझ्या खणात ठेवायची. खोलीत खायला मनाई आहे, हे तिला ठाऊक होतं. ती खातही नव्हती. नुसता ठेवायची, आणि दुपारी बाहेर नेऊन तिघं खायची. पण तिळाला काय कळतं? तीळ सांडले आणि मुंग्या आल्या.

"मुंग्या!" आपांचा आवाज त्या खोलीत तेव्हा पहिल्यांदा चढला. "तीस वर्षांत पहिल्यांदा! कुणी काही खाल्लंय?"

"नाही आपा," तिघंही म्हणाली. ते खरंच होतं. आपांनी वाकून माझे पाय पुसले. खण अडकलेला आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तिसऱ्या शनिवारी जुन्या बागांच्या पाहणीचा पहिला खंड मिळाला. त्यात गावाचं नाव निघालं! सादबर्गने हळूच टाळी वाजवली. पण तिथे नुसता आकडा होता आणि लिहिलं होतं की झाडांची यादी दुसऱ्या खंडात. दुसरा खंड बांधणीला गेलेला. "पाठ सुटली होती त्याची," आपा म्हणाल्या. "तीन आठवडे तरी लागतील."

आणि शनिवार उरला होता एकच.

चौथ्या शनिवारी नुरिद्दीन आका स्वतः आले. "पोरांनो, शाबास. पण आता परीक्षा जवळ आल्या, आमच्याच मुलांना खुर्च्या पुरत नाहीत. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी बोबो एक्क्याऐंशीचे होतील," मेहरनिगोर म्हणाली.

"देव त्यांना भरपूर आयुष्य देवो."

"दिलं तरी होशिम बोबोंनाही देईलच ना, आका!"

आका हसले, पण नाही ते नाहीच.

सगळे कागद आवरायला लागले. तेव्हा मेहरनिगोरने खण उचलून ओढला. आतला नान काढला, खाली वाकली, एक घास दातांनी तोडला आणि उरलेला नान रुमालात गुंडाळून परत आत ठेवला. खण लोटला. तिची कोपरं तेव्हा पहिल्यांदा शांत होती.

आमच्याकडे माणूस लांब निघाला की घरच्या नानचा एक घास तोडून खातो. उरलेला नान घरचे भिंतीला टांगून ठेवतात. तो माणूस परत यायचा आणि उरलेला त्यानेच खायचा. तोवर त्याला कुणी हात लावत नाही. पण घरातून निघताना करायची ही गोष्ट. ग्रंथालयातून निघताना ती कुणी केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

दहा दिवस तो नान माझ्या पोटात होता. मला फार बरं वाटत होतं. वाळत गेला, तरी तंदूरचा वास येत होता.

मग पुन्हा मुंग्या आल्या. आपा या वेळी मुंग्यांच्या मागोमाग आल्या, गुडघ्यांवर बसल्या, खण ओढला. आला नाही. चिडून वर उचलला, आणि आला. त्यांनी रुमाल उघडला.

"नान!" त्या म्हणाल्या. "माझ्या वाचनाच्या खोलीत!" आणि उचलून निघाल्याही. दारापर्यंत गेल्या असतील. तिथे त्यांना ती चावल्याची जागा दिसली. त्या थांबल्या. सावकाश परत आल्या, नान ओठांना लावला, कपाळाला लावला आणि माझ्यावर ठेवला. मग नुरिद्दीन आकांना बोलावलं.

"खोलीत खाण्याचे पदार्थ आणलेत पोरांनी. नियम तुम्हीच केलाय, आता तुम्हीच टाका."

आकांनी नान हातात घेतला. घास तोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हा कसा टाकणार, आपा?"

"तेच विचारतेय मी."

"माझ्या घरी एक टांगलाय," आका म्हणाले. "धाकटा रशियात बांधकामावर आहे. दोन वर्षं झाली. बायको रोज त्यावरची धूळ फुंकते."

आपा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मग पत्र लिहा शाळेला. तुमची वस्तू राहिली आहे, येऊन न्या म्हणावं. आणि मुंग्यांचं काय ते मी बघते." त्यांनी पत्र्याचा डबा आणला, नान त्यात ठेवला आणि डबा माझ्याच खणात. बांधणीवाल्यालाही त्याच दिवशी फोन गेला. काय बोलल्या ते ऐकलं मी. बिचारा.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पोरं आली. बरोबर सफर बोबोही. टोपी, लांब कोट, तोंडात दोनच दात. त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. "अक्रोड आहे," ते म्हणाले. "चांगल्या हाताने केलंय." साठ वर्षांत मला कुणी ओळखलं असेल तर त्यांनी.

"मला वाचता येत नाही हं," ते आपांना म्हणाले, जरा लाजून. मी मनात म्हटलं, बसा बोबो, आपण दोघं.

दुसरा खंड आला. नवी पाठ, डिंकाचा वास. सादबर्ग बोट फिरवत गेली. मेहरनिगोरची कोपरं पुन्हा नाचायला लागली. आणि मग सादबर्ग थांबली.

"सरचश्मा, वरचा पाट," तिने वाचलं. "एक झाड. फळ पांढरं, फार गोड. गावात एवढं एकच."

मेहरनिगोर उभीच राहिली. बोबोंनी डोळे मिटले.

"पुढे आहे अजून," सादबर्ग म्हणाली. "झाड... अरे, हे नाव तर होशिम बोबोंच्या वडिलांचं! त्यांच्या अंगणात, भिंतीच्या आत."

कोमरोन म्हणाला, "म्हणजे होशिम बोबो तुम्हाला हसत होते, आणि झाड त्यांच्याच घरचं?"

"तो तेव्हा पाळण्यात होता," बोबो म्हणाले. "त्याने उठून बसायच्या आत थंडीने झाड मेलं."

"मग बोबो, इतकी वर्षं तुम्ही सांगितलं का नाही की झाड त्यांच्याच अंगणात होतं?" मेहरनिगोरने विचारलं.

बोबोंनी टोपी काढली, परत घातली. "अगं, मग तो विचारणार नाही का, की भिंतीच्या आतलं फळ तुला गोड लागलं कसं?"

एवढं हसू त्या खोलीत मी कधी ऐकलं नव्हतं. लांबच्या टेबलांवरचे विद्यार्थी वळून बघायला लागले. मी आपांच्या "शू!"ची वाट बघत होतो. तो आला नाही. आपा तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे वळल्या होत्या.

आकांनी त्या पानाची प्रत काढून दिली, शिक्का मारून. आपांनी डबा काढला. "हा घ्या तुमचा नान. बाहेर ओट्यावर खा. मी चहा पाठवते, भिजवून घ्या, नाहीतर बोबोंचे आहेत तेही दात जातील." खिडकी उघडी होती. त्यांचं खाणं मी सगळं ऐकलं. ते परत वर आले तेव्हा आकांनी सांगितलं की शाळेच्या मुलांसाठी शनिवार आता कायमचा. बोबो तेवढ्यात माझ्यापाशीच रेंगाळत होते.

संध्याकाळी खोली झाडताना आपांनी सहज खण उचलून ओढला. डबा परत आत होता, आणि त्यात दुसरा, ताजा नान. त्याला चार ठिकाणी घास तोडलेले. तीन नीट, अर्ध्या चंद्रासारखे. चौथ्या जागी फक्त दोन दातांच्या खुणा.

आपा माझ्याजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि एकट्याच खूप हसल्या. मग डब्याचं झाकण घट्ट लावलं.

बोबो आता रोज चहाखान्यात जातात, असं पोरं सांगतात. होशिम बोबो पेल्याशेजारचा कागद वाचून म्हणाले म्हणे, "सफर, माझ्या बापाच्या जर्दाळूंचा हिशेब दे." दोघं भांडतात आणि एकत्र चहा पितात.

मी आहे तसाच आहे. एक पाय थोडा हलतो, त्याखाली पुठ्ठा आहे, तो तेवढा काढू नका. शनिवारी या. कोपरं टेका, हसलात तरी चालेल. आणि खण उघडायचा झाला तर आधी वर उचला, मग ओढा. पण आतल्या डब्याला हात लावू नका. बोबो परत यायचे आहेत.