सिरिलचे कांदे

सिरिल ओल्डरॉइडच्या खुब्याचं ऑपरेशन ऐन ऑगस्टात निघालं, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना वाईट वाटलं. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. नगरपालिकेनं भाजी लावायला दिलेल्या जमिनीत त्याचा तुकडा आणि आमचा तुकडा शेजारी शेजारी आहेत. सप्टेंबरातल्या भाजीपाल्याच्या प्रदर्शनात तीन कांद्यांच्या गटात पहिला सिरिल आणि दुसरी माझी बायको एनिड, हे इतकी वर्षं चाललंय की चषकावर कोरलेलं नाव बदलायची वेळच येत नाही. एनिडला तो चषक एकदा तरी घरी आणायचा होता. तोंडानं ती कधी बोलली नाही, पण प्रदर्शनाहून परतताना ती गाडीत एक शब्द बोलत नसे, त्यावरून मला कळत असे.

आमच्यात रीत अशी, की कुणी आजारी पडलं तर शेजाऱ्यानं त्याचा तुकडा सांभाळायचा. कुणी विनंती करत नाही, कुणी आभार मानत नाही. सिरिल इस्पितळात भरती झाला त्याच संध्याकाळी एनिड झारी घेऊन त्याच्या वाफ्यात उभी. मी म्हटलं, पाणी घाल, पण जीव ओतू नकोस.

"आणि बिघडले त्याचे कांदे, तर लोक काय म्हणतील?"

"कोणी काही म्हणणार नाही."

"तेच तर," ती म्हणाली. "मला बघून सगळे हवामानाबद्दल बोलायला लागतील."

मनातलं बोलायचं टाळायचं असलं की आमच्याकडे लोक हवामान काढतात. यॉर्कशायरमध्ये माणसाला याहून कडक शिक्षा नाही.

हवामानाबद्दल बोलण्यासारखं तेव्हा पुष्कळ होतं. अख्खा जुलै कोरडा गेला, पाइपनं पाणी घालायला बंदी आली, आणि आम्ही टाकीपासून झाऱ्या वाहून वाहून पावसाच्या नावानं खडे फोडत होतो. ऑगस्ट अर्ध्यावर आला तसा पाऊस आला आणि हटेचना. मग आम्ही तो आला म्हणून त्याच्या नावानं खडे फोडू लागलो. टोमॅटोवर करपा पडला. कूर्जेट नावाचे लांबट भोपळे काकडीएवढे कोवळे तोडायचे म्हणून ठेवले, ते दोन दिवसांत तान्ह्या पोराएवढे झाले आणि फुकट द्यायला निघालं तरी कुणी दार उघडेना. कांद्याला तर या दिवसांत कोरडी हवा लागते. मानेत ओल शिरली की वरून राजबिंडा दिसणारा कांदा आतून सडत जातो.

एनिडनं दोन्हीकडचे कांदे उपटले. आता सुकवायचे कुठे? सिरिलच्या तुकड्यावरच्या टपरीचं छप्पर म्हणजे चाळण. आमच्या काचघरात एकच फळी अशी, जिच्यावर ठिबकत नाही. त्या फळीवर तिनं सिरिलचे कांदे मांडले. रोज त्यांची कूस बदलायची, माझ्या जुन्या बनियनच्या चिंधीनं साल पुसायची, वर अंगाला लावायची पावडर हलक्या हातानं फिरवायची. तिचे स्वतःचे दाराशी टांगलेले, जिथं वाऱ्याबरोबर पावसाचे थेंबही आत येत.

"आपले फळीवर ठेव आणि त्याचे टांग," मी म्हटलं.

"तो इस्पितळात आहे."

"कांदे नाहीत ना इस्पितळात."

तिनं पुढचा कांदा पुसायला घेतला. माझा संताप संताप झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी कूस बदलली की नाही याची तिनं कधी चौकशी केली नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी परगावचा परीक्षक आला. त्यानं प्रत्येक कांद्याची मान अंगठ्यानं दाबून पाहिली. एनिडच्या तीन कांद्यांपैकी एकाची मान जराशी दबली. बस, तेवढ्यावर गेलं. पहिला सिरिल, दुसरी एनिड.

सिरिल कुबड्या टेकत चषक घ्यायला गेला. घेऊन गप्प बसला असता तर काही झालं नसतं, पण त्याला दोन शब्द बोलायची हौस.

"मी तर या कांद्यांना महिनाभर हातसुद्धा लावला नाही," तो म्हणाला. "जातिवंत कांदा असला की तो आपला आपण वाढतो."

सभागृह हसलं. पिकल्सबाई मात्र हसल्या नाहीत. त्या प्रदर्शनाच्या चिटणीस आहेत आणि नियम त्यांच्या रक्तात आहे. माल स्पर्धकानं स्वतः जोपासलेला हवा, त्यांनी आठवण करून दिली. मग त्या एनिडकडे वळल्या.

"महिनाभर ते कांदे कुणी जोपासले, एनिड?"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. सिरिलचा चेहरा पडला. एनिडनं 'मी' एवढं म्हटलं असतं की सिरिल बाद आणि चषक हिचा. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. चांगला जोरात दाबला.

"लावले त्याने, वाढले त्याच्या वाफ्यात," एनिड म्हणाली. "पाऊस होता म्हणून मी माझ्या छपराखाली ठेवले. छप्पर दिलं म्हणजे काय जोपासणं झालं का?"

पिकल्सबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि निर्णय कायम केला. लोक टाळ्या वाजवून चहाकडे वळले.

बाहेर पावसात सिरिल आमच्या गाडीपर्यंत कुबड्या टेकत आला. मला वाटलं, आता तरी हा माणूस दोन शब्द नीट बोलेल.

"दुसरा खुबाही गेलाय म्हणे," तो म्हणाला. "पुढच्या ऑगस्टात करायचं म्हणतात. तुला जमेल ना, एनिड?"

"जमेल की," एनिड म्हणाली.

गाडी सुरू झाल्यावर मी तोंड सोडलं. सिरिलला बोललो, पिकल्सबाईंना बोललो, आणि शेवटी तिलाही बोललो की तुझ्यासारखी खुळी बाई मी पाहिली नाही, हातातला चषक सोडून दिलास. ती नेहमी परतताना गप्प असते. या खेपेला मात्र ती गुणगुणत होती. माझं बोलून संपलं तशी ती गुणगुणायची थांबली.

"पहिला नंबरही माझा आणि दुसराही माझाच," ती म्हणाली. "सिरिलला जमलंय कधी?"