हत्तीवालं पुस्तक

आई गेल्यावर पंधरा दिवसांनी दत्तारामकाका घरी आले. ते आमच्या घाटकोपरच्या वाचनालयाचे चिटणीस. तिथलं लहान मुलांचं कपाट आई बारा वर्षं सांभाळत होती, दर रविवारी सकाळी. आता त्या कपाटासाठी नवी पुस्तकं घ्यायची होती आणि ती मी निवडावीत असं काकांचं म्हणणं होतं. माझं वाचन दांडगं, म्हणून. मग चहाचा कप खाली ठेवून त्यांनी उरलेलंही सांगितलं. समितीतल्या काहींना ते कपाट दहावीच्या गाइडांसाठी हवं होतं. महिन्याभरात मुलं नवी पुस्तकं नेऊ लागली तर ठीक, नाहीतर कपाट रिकामं करायचं.

मी हो म्हटलं. घराबाहेर आईचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

आई चौथी शिकलेली. पुस्तक घेताना ती काय बघायची, हे मी कधी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिचं कपाट बघून मला संकोचच वाटायचा. कोपरे झिजलेली, चिकटपट्टी लावलेली पुस्तकं. एकदा मी बोललेही होते, पुस्तकांची काय दशा झालीय. "वापरतात गं," एवढंच ती म्हणाली होती.

शनिवारी मी गिरगावातल्या एका दुकानात गेले. मालकांनी स्टूल दिलं आणि गठ्ठे समोर आणून टाकले. शेवटच्या पानावर उपदेश करणारी पुस्तकं मी आधी बाजूला काढली. त्यातच अर्धा ढीग गेला. मग बारीक टाइपाची काढली. उरलेली हळू आवाजात वाचून पाहिली. जिथे माझी जीभ अडली तिथे सहा वर्षांचं मूल अडणारच, ती परत. एका पुस्तकात पानाला एकच ओळ होती आणि प्रत्येक चित्रात एक मांजर लपलेलं. आठव्या पानावर ते मलाच सापडेना, तेव्हा ते घेतलं. एकात डबक्यात बसलेली म्हैस उठायलाच तयार नव्हती, आणि सगळं गाव तिची समजूत घालत होतं. जोडाक्षरं नसलेली, ठसठशीत अक्षरांची बरीच घेतली. एकूण बत्तीस झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तीन तास मी दुसऱ्या कशाचा विचार केला नव्हता.

वाचनालयाच्या नियमाप्रमाणे मी सगळ्यांना खाकी कागदाची वेष्टणं घातली. आईनं मोठ्यांच्या पुस्तकांना घातलेली असायची, घड्या कशा सुरीनं कापल्यासारख्या. मुलांची मात्र उघडीच; तिथपर्यंत येईतो ती थकत असेल, असं मी धरून चालले होते. तिच्या हातून राहिलेलं मी पुरं करत होते. प्रत्येकावर वळणदार अक्षरात नाव, लेखक, क्रमांक.

पहिल्या रविवारी मुलं आली, कपाटाशी घोटाळली, जुनी फाटकी पुस्तकं घेऊन गेली. नव्यातलं एकही हललं नाही. दुसऱ्या रविवारी तेच. काका रजिस्टर बघून म्हणाले की निवड चांगलीच असणार, पण पोरांचं काही सांगता येत नाही. तिसऱ्या रविवारीही तेच झाल्यावर त्यांनी रजिस्टर नुसतं मिटून ठेवलं. घरी येऊन मी आईचं लुगडं घडी करायला घेतलं आणि तसंच मांडीवर घेऊन बसले. तिला जे सहज जमत होतं ते मला इतकं वाचूनही जमलं नव्हतं.

चौथ्या रविवारी शेजारच्या चाळीतली जानकी आली. पाचेक वर्षांची. ती नव्या रांगेतलं एकेक पुस्तक ओढून बघत होती आणि परत खुपसत होती. काय हवंय, मी विचारलं.

"हत्तीवालं."

"कुठलं हत्तीवालं?"

"आजी द्यायची ना, ते. वरती हत्ती होता." मग तिनं रांगेकडे बोट केलं. "ही सगळी एकच आहेत."

मी कपाटाकडे पाहिलं. बत्तीस खाकी पाठी, माझं वळणदार अक्षर. वाचता न येणाऱ्या मुलीला मी नावं वाचून पुस्तक शोधायला लावलं होतं. आणि आई थकली नव्हती. बारा वर्षांत एकदाही थकली नव्हती.

मी ब्लेड घेऊन खाली बसले. पहिलं वेष्टण निघालं आणि डबक्यातली म्हैस वर आली. जानकी माझ्या गुडघ्याला टेकून बसली. तिसऱ्या-चौथ्या पुस्तकापर्यंत आणखी मुलं जमली आणि कोणतं निघणार यावर त्यांच्यात पैजा सुरू झाल्या. मांजराच्या पुस्तकावरून दोघींची ओढाताण झाली.

काका दारात उभे होते. कागदांचा ढीग बघून ते म्हणाले, "अनू, वेष्टणांचा नियम आहे गं."

"आई घालायची नाही, काका."

"माहीत आहे. दर वर्षी मी सांगायचो, मंजुळाबाई, मुलांच्या पुस्तकांनाही घाला. त्या हो म्हणायच्या."

"आणि?"

"आणि काय. हो म्हणायच्या."

मला हसू आलं, आणि ते आवरेना. काकाही हसले. मग चष्मा पुसत रजिस्टर घेऊन बसले. त्या सकाळी एकोणीस पुस्तकं गेली. गाइडं मोठ्यांच्या कपाटावर ठेवता येतील, वरती जागा आहे, असं ते लिहिता लिहिताच म्हणाले, जणू कधीपासून ठरलेलंच होतं.

हत्तीवालं जुनं पुस्तक कुणाच्या तरी घरी राहिलं असावं. जानकीनं म्हैस नेली, चित्र बाहेर दिसेल अशी छातीशी धरून.

दुपारी घरी येऊन मी आईच्या पलंगावर आडवी झाले. पाच वाजता जाग आली तेव्हा शेजारच्या बाई दळण ठेवून गेल्या होत्या, आणि मला पत्ताही नव्हता; आई गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती.