सातची वेळ

"नेमाला बसलीस की कुणी हाक मारली तरी वर बघायचं नाही," आई सांगायची. एकोणीस वर्षं मी तेच करत आले. सकाळी सात ते आठ जप आणि मौन. शिवणाचं मशीन, भांडीकुंडी, सगळं आठनंतर.

गेल्या महिन्यात लेक तीनदा दारात येऊन उभी राहिली. दहावीतली पोर, वेणी न घातलेली, दप्तर एका खांद्यावर. "आई, ऐक ना." मी डोळे न उघडता हात वर केला, थांब म्हणून. तिसऱ्या वेळी तर मणी मुद्दाम जोरात ओढले, तिला कळावं म्हणून. जप संपेपर्यंत ती निघून गेलेली असायची. संध्याकाळी विचारलं तर, "काही नाही." तेवढ्यावर मी सुटले समजून मशीनवर बसायची.

काल तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. पोर सोळा दिवस शाळेत नव्हती. "बरं नाही का तिला?"

"ताप होता," मी म्हणाले. ज्या तोंडानं जप करते, त्याच तोंडानं.

फोन ठेवला तेव्हा लेक मागेच उभी होती, सगळं ऐकलेलं. ती रोज शाळेमागच्या बागेत बसायची, म्हणाली. "फाटकापाशी गेलं की पायच उचलत नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "सगळ्यांना काही ना काही येतं गं. मी नुसती जागा अडवते. सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली."

"मला का नाही सांगितलंस?"

"आले होते की. तीनदा."

माझी मान वर होईना. तिच्या पायांकडेच बघत बसले.

"शाळेत समुपदेशक बाई आहेत," ती म्हणाली. "सकाळी सव्वासातला भेटतात. तू येशील? पण तुझी वेळ आहे ती."

"येते."

"तिथे तापाचं सांगू नकोस."

"नाही सांगणार."

आज सातला हात सवयीनं माळेकडे गेला. हे चहा पीत म्हणाले, "काय, आज देवाला सुट्टी?" मग माझा चेहरा बघितला आणि लेकीचं दप्तर उचलून माझ्याकडे दिलं.

माळ डबीत ठेवली. देवाकडे बघायचं धाडस झालं नाही. लेक जिन्यात चपला घालत होती. मी दार ओढून घेतलं, दप्तर खांद्याला लावलं आणि तिच्या चालीनं पायऱ्या उतरू लागले.