शिवलीलाअक्काच्या उजव्या कुशीतून

मी शिवलीलाअक्काची उजवी किडनी बोलतेय. पाठीच्या कण्याशेजारी, अंधारात, जन्मापासून एकाच जागी आहे. हलायची सोय नाही, ओरडायला तोंड नाही. वरच्या अंगाला लिव्हर. आजार शिरला तो त्याच्यात. कोंडले गेले मात्र मी.

अक्का निपाणीची, लग्न होऊन बंगळुरातल्या येलहंक्याला आली. इथल्या शाळेत चित्रकला शिकवते. काही हिवाळ्यांपूर्वी तिच्या पायांवर जांभळे ठिपके उठले. थंडी पडली की वाढत. सांधे ठणकत, तळव्यांना मुंग्या येत. नवरा बसवंत म्हणाला, "स्वल्प मलम लाव, सरी होईल, बरं वाटेल." तिने मलम लावलं, वर मोजे चढवले. चपला काढाव्या लागतील म्हणून देवळात जाणं सोडलं, हळदीकुंकवाला जाणंही.

इकडे माझ्या बारीक गाळण्यांत काहीतरी चिकट साचू लागलं. रक्तात राहायची प्रथिनं लघवीवाटे निसटू लागली. मी फेस पाठवला, सूज पाठवली. मला तेवढीच भाषा येते. अक्का फेसावर पाणी ओतून बाहेर येई.

एका रविवारी लेक संहिताने तिचे मोजे ओढून काढले. घोट्यावर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला.

"आई, हे मलमाचं काम नाही. ऊठ."

बसवनगुडीच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या पाहिल्या नि विचारलं, "अक्का, कधी रक्त चढवलं होतं?"

"संहिताच्या बाळंतपणात. तीस वर्षं झाली."

"तेव्हा रक्तात हिपॅटायटिस सी शोधत नसत. तो विषाणू तुमच्या लिव्हरमध्ये मुक्काम करून आहे. त्याच्याशी झगडताना शरीर जी प्रथिनं बनवतं, ती थंडीत गोठतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. पायांतल्या, किडनीतल्याही."

अक्काने विचारलं, "माझ्या लेकीला?"

संहिताची तपासणी झाली. तिला काही नव्हतं. त्या दिवशी अक्का पहिल्यांदा रडली.

तीन महिने गोळ्या चालल्या. विषाणू गेला, ठिपके विरले. पण माझ्या कित्येक गाळण्या कायमच्या बुजल्या. उरलेल्यांवर रेटतेय.

"मग मी बरी झाले म्हणायचं की नाही?" अक्काने परवा विचारलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "विषाणूतून बऱ्या झालात. किडनीला मात्र जपायचं, जन्मभर."

जपा, एवढंच मीही म्हणते. मला दुसरं घर नाही, अक्काला दुसरं शरीर नाही. दोघींना आता एकमेकींतच राहायचंय.